ऋण दोनच्या पायात संख्या कशी लिहावी

द्विमान पद्धत (बायनरी, म्हणजे पाया २, अंक फक्त ० आणि १) येते असं धरून चालतो. पाया २ ऐवजी −२ घेतला की वजा चिन्हाची गरजच उरत नाही. धन असो वा ऋण, प्रत्येक पूर्णांक फक्त ० आणि १ वापरून, आणि एकाच प्रकारे लिहिता येतो. इटलीच्या ग्र्युनवाल्डने १८८५ साली ऋण पायाची कल्पना मांडली, आणि पोलंडचा यूएमसी-१ हा संगणक तर −२ च्या पायावर चालायचा.

वाचणं सोपं आहे. स्थानिक किमती उजवीकडून १, −२, ४, −८, १६, −३२. जिथे १ आहे तिथली किंमत घ्या आणि बेरीज करा. १०११ म्हणजे −८ − २ + १ = −९.

लिहिण्यासाठी संख्येला −२ ने भागत जायचं, बाकी टिपायची, भागाकार शून्य झाला की बाक्या खालून वर वाचायच्या. बहुतेक ठिकाणी एवढंच सांगून सोडून देतात. खरी गोम पुढे आहे.

बाकी फक्त ० किंवा १ चालते. −१ कधीच नाही. −१३ ला −२ ने भागलं तर हात आपोआप ६ लिहितो, कारण −२ × ६ = −१२, आणि बाकी उरते −१. इथे थांबा. भागाकार एकने वाढवून ७ करा: −२ × ७ = −१४, आता बाकी १. नियम एवढाच: बाकी ऋण आली तर तिच्यात २ मिळवा आणि भागाकारात १ मिळवा. मलाही सुरुवातीला यातला दुसरा अर्धा भाग पचला नव्हता. नुसती बाकी सुधारून भागाकार तसाच ठेवला, तर पुढचे सगळे अंक बिघडतात.

पूर्ण उदाहरण:

−१३ → भागाकार ७, बाकी १
७ → −३, बाकी १
−३ → २, बाकी १
२ → −१, बाकी ०
−१ → १, बाकी १
१ → ०, बाकी १

खालून वर: ११०१११. पडताळा: −३२ + १६ + ४ − २ + १ = −१३.

पाचवी ओळ नीट बघा. −१ ला −२ ने भागल्यावर ‘भागाकार ०, संपलं’ म्हणून बरेच जण उठतात. नियम लावला की भागाकार १ येतो, म्हणजे अजून एक ओळ बाकी असते.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तर बाकीच्या चिन्हावर बिलकूल विश्वास ठेवू नये. १३ ला −२ ने भागल्यावर सी भाषा बाकी १ देते, पायथन −१ देतं. −१३ ला मात्र दोघंही −१ देतात. वरची दुरुस्ती प्रत्येक फेरीत तपासा. ती दोन्हीकडे चालते. ‘आमच्या भाषेत आपोआप होतं’ असं कुणी सांगितलं तर त्याला −१३ करून दाखवायला सांगा.

उत्तर आल्यावर आधी अंक मोजा. अंकांची संख्या विषम तर संख्या धन, सम तर ऋण. पाच अंकांत ६ ते २१ मावतात, सहा अंकांत −४२ ते −११. १३ चं उत्तर ११०११ आलं असेल तर अंक पाचच आहेत, म्हणजे ही तपासणी पास; पण किंमत भरते १६ − ८ − २ + १ = ७. अशा वेळी तीनची कसोटी लावा: −२ ला ३ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून अंकांची बेरीज आणि मूळ संख्या यांची ३ ने भागल्यावरची बाकी सारखीच हवी. ११०११ ची बेरीज ४, बाकी १. १३ चीही १. इथे ही कसोटीसुद्धा फसते! तेव्हा शेवटी स्थानिक किमतींची बेरीज करायचीच. बरोबर उत्तर १११०१.