बिमकडे वळताय? आधी या चुका टाळा

ऑफिसमध्ये बिम (इमारतीचं माहितीसह थ्रीडी मॉडेल बनवण्याची पद्धत) सॉफ्टवेअर येऊन सहा महिने झाले, तरी साइटवर जाणारी ड्रॉइंग्ज अजून ऑटोकॅडमध्येच दुरुस्त होत असतील, तर पहिली चूक नीट वाचा. माझ्या मते बिम सर्वात जास्त तिथेच फसतं.

सबमिशनच्या आदल्या रात्री कोणीतरी मॉडेलमधून शीट डीडब्ल्यूजीमध्ये (ऑटोकॅडच्या फाइलमध्ये) काढतं आणि खिडकी तिथेच सरकवतं. काम दहा मिनिटांत होतं, पण मॉडेलमधली खिडकी जुन्याच जागी राहते. पुढच्या आठवड्यात त्याच मॉडेलमधून सेक्शन आणि खिडक्यांचं शेड्यूल (मापांसकट यादी) निघतं, ते प्लॅनशी जुळत नाही. मग सगळे म्हणतात, मॉडेलवर भरवसा नाही. यावर उपाय एकच, आणि तो कडक आहे: पहिला प्रकल्प लहान आणि मुदतीला सैल निवडा, आणि त्यात बाहेर काढलेल्या शीटला कोणीही हात लावायचा नाही. बदल फक्त मॉडेलमध्ये. बिममध्ये मेहनत डिझाइनच्या सुरुवातीच्या टप्प्यांकडे सरकते, म्हणून फीचे हप्तेही तसेच, सुरुवातीला जास्त, मागा. हे न केल्यामुळे चांगली ऑफिसेस मध्येच दमतात.

दोन-तीन माणसांच्या ऑफिसात मोह असतो सगळंच मॉडेल करण्याचा, अगदी दाराच्या बिजागरीपर्यंत. फाइल जड होते, हाती काही लागत नाही. एलओडी म्हणजे मॉडेलमधल्या तपशिलाची पातळी: एलओडी 200 ला अंदाजे आकार आणि जागा पुरते, 300 ला नेमकी मापं लागतात. बिजागरी टूडी डीटेलमध्ये दाखवा.

मध्यम ऑफिसात सगळं एका 'बिमवाल्या'वर सोपवलं जातं. तो गेला की टेम्प्लेट कसं वापरायचं हेही कोणाला ठाऊक नसतं. प्रत्येक प्रकल्पाच्या आर्किटेक्टला मॉडेल स्वतः उघडून तपासता आलंच पाहिजे, भागीदारांनाही.

मोठ्या फर्ममध्ये आयएसओ 19650 वर (बिममधली माहिती हाताळण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकावर) आधारलेली जाडजूड नियमावली असते, तरी स्ट्रक्चरचं मॉडेल जोडलं की ते भलतीकडेच जाऊन पडतं. कारण ओरिजिन (मॉडेलचा शून्यबिंदू), उत्तर दिशा आणि लेव्हल्स आधी ठरवलेल्या नसतात. पहिल्याच दिवशी ग्रिडच्या एका छेदावर एकच कॉलम ठेवलेली फाइल सगळ्या कन्सल्टंटांना पाठवा आणि त्यांच्याकडून परत मागवा. ती जुळली, तरच पुढे जा. सॉफ्टवेअरची आवृत्तीही तेव्हाच ठरवा: रेव्हिट या बिम सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा खुला फाइल प्रकार) देवाणघेवाणीसाठी आणि तपासणीसाठी उत्तम आहे, पण दुसऱ्याचं मॉडेल त्यातून घेऊन मूळ फाइलसारखं बदलता येईल, ही अपेक्षा ठेवू नका.

रेव्हिटची फाइल अचानक मंदावली तर आधी इम्पोर्ट केलेली कॅड ड्रॉइंग्ज शोधा. ती काढा, गरज असेल तर लिंक करा. मग वॉर्निंग्जची यादी कमी करा, न वापरलेल्या फॅमिली (दारं-खिडक्यांसारखे तयार घटक) पर्ज करा, म्हणजे काढून टाका. तरीही फरक पडला नाही, तर कोणी लोकल कॉपीऐवजी थेट सेंट्रल फाइलवर (सगळ्यांच्या सामायिक मूळ फाइलवर) काम करतंय का, ते पाहा.