समुद्रावरून आल्यावर सॅकची चेन अडकली, ती अशी सुटली

वलसाडजवळच्या तिथल या समुद्रकिनाऱ्यावरून बडोद्याला परतलो. दुसऱ्या दिवशी ऑफिस, आणि सॅकची चेन निम्म्यावर घट्ट. रनरच्या कडेला पांढरट पापुद्रा, दातांत तिथलची ती बारीक काळी वाळू.

खोबरेल लावून पाहिलं; वाळू त्यात कालवली जाऊन आणखीच चिकटली. पकडीने ओढलं तर कापड उसवायला लागलं. सकाळी डबा हातात धरून निघावं लागलं, फार वैताग आला.

उपयोग झाला तो असा. आधी सगळं कोरडं ठेवून जुन्या टूथब्रशने दात बाहेरच्या बाजूला झाडले. हे पाणी लावायच्या आधीच करायचं, ओली वाळू हलत नाही. तेलकटपणा साबणाने काढला. मग कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं चेनवर ठेवलं, म्हणजे मीठ विरघळतं. वरून साधं पाणी ओतलं. मीठ आत राहिलं तर पावसाळी हवेतली ओल ओढून घेतं आणि धातू पुन्हा गंजतो, त्यामुळे इथे घाई नको. उरलेल्या पापुद्र्यावर कापसाने व्हिनेगर, पाच मिनिटांनी धुऊन टाकलं. सावलीत पूर्ण वाळल्यावर दातांवर दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासली. रनर आधी किंचित मागे, मग पुढे, असं करत करत चेन सुटली.

रनर सरकतोय पण मागे दात उघडे राहतायत, तर तो सैल झालाय. बॅगवाल्याकडून फक्त रनर बदलून घ्या, पूर्ण चेन नको.