इंग्रजी जोडविशेषणांची अक्षरे कशी पाडावीत आणि आघात कुठे द्यावा

इंग्रजी जोडविशेषण, म्हणजे दोन शब्द जोडून झालेले विशेषण, हाताशी आले की आधी त्याचा सांधा पाहावा आणि दोन्ही भागांची अक्षरे (सिलॅबल) स्वतंत्रपणे मोजावीत. मोजणी स्पेलिंगवरून नव्हे, तर ऐकू येणाऱ्या स्वरांवरून करावी. ‘ओल्ड-फॅशन्ड’च्या दुसऱ्या भागात लिहिताना स्वर बरेच दिसतात, पण उच्चारात ‘फॅ’ आणि ‘शन्ड’ एवढी दोनच अक्षरे उरतात. बोलण्याच्या ओघात ‘शन्ड’मधला स्वर गळाला, तरी ते अक्षर एकटा ‘न’ तोलून धरतो.

शेवटच्या ‘ईडी’ने (-ed) बहुतेकांची फसगत होते. त्याआधी ‘ट’ किंवा ‘ड’चा ध्वनी असेल, तरच सहसा एक अक्षर वाढते. म्हणून ‘ॲब्सेंट-माइंडेड’ची अक्षरे ॲब, सन्ट, माइन, डिड अशी चार होतात, तर ‘बॅड-टेम्पर्ड’ची तीनच. ‘ब्लू-आइड’ दोन अक्षरांत संपते. ‘वन-लेग्ड’सारख्या शब्दाचा शेवट मात्र ‘लेग्ड’ आणि ‘लेगिड’ असा दोन्ही प्रकारे ऐकू येतो.

आता आघात, म्हणजे उच्चारताना एखाद्या अक्षरावर येणारा जोर. पहिला भाग विशेषण, क्रियाविशेषण किंवा संख्यावाचक शब्द आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘ईडी’ असेल, तर मुख्य आघात बहुधा दुसऱ्या भागावर असतो. शब्दकोशात ‘ओल्ड’च्या आधी खाली आणि ‘फॅ’च्या आधी वर छोटी उभी रेघ दिसते, वरची मुख्य आघाताची, खालची दुय्यम. दोन भागांमधल्या आडव्या रेघेचा मात्र आघाताशी काहीच संबंध नाही.

तथापि शब्दकोशातला आघात वाक्यात जागा बदलू शकतो, आणि खरी मेख इथेच आहे. ‘द कार इज सेकंड-हँड’ म्हणताना जोर ‘हँड’वर येतो, पण ‘अ सेकंड-हँड कार’ म्हणताना ‘हँड’ आणि ‘कार’ हे दोन आघात एकमेकांना भिडतात, म्हणून पहिला मागे सरकून ‘से’वर जातो. नामाचे पहिलेच अक्षर आघातयुक्त असते, तेव्हा हे सरकणे विशेष जाणवते. आघात कोणत्याही अक्षरावर उडी मारत नाही. जिथे आधीपासून दुय्यम आघात असतो, तिथेच तो जातो.

पहिला भाग नाम असेल, तर ‘हार्टब्रेकिंग’, ‘होमसिक’, ‘वॉटरप्रूफ’ यांप्रमाणे आघात बहुधा पहिल्याच भागावर असतो आणि विशेषण नामाच्या आधी आले काय किंवा वाक्याच्या शेवटी आले काय, तो हलत नाही. ‘होम-मेड’ आणि ‘ड्यूटी-फ्री’ या गटात बसत नाहीत. त्यांचा मुख्य आघात दुसऱ्या भागावर आहे, त्यामुळे ते ‘सेकंड-हँड’सारखे वागतात.