गाडी रात्री लावा, पण सावकाश

ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे घरी इलेक्ट्रिक मोटारीचा चार्जर लावला तेव्हा मला पहिली काळजी वाटली ती कोपऱ्यावरच्या डीपीची, म्हणजे आमच्या भागाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची.

३२ अँपिअरचा चार्जर २३० व्होल्टवर जवळपास ७.४ किलोवॅट ओढतो, तोही तासन् तास. १०० केव्हीएच्या (म्हणजे फार तर १०० किलोवॅट पेलणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर अशा १० गाड्या एकदम लागल्या, तर नुसत्या गाड्यांचेच ७४ किलोवॅट होतात. ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या तारांभोवती कागद गुंडाळलेला असतो आणि त्या तेलात बुडलेल्या असतात. तारांचा सर्वांत तापलेला भाग ९८ अंशांपुढे गेला, की दर ६ अंशांमागे साधा कागद जुना होण्याचा वेग दुप्पट होतो. रात्री लोड उतरतो, तेल निवतं, तेवढीच ट्रान्सफॉर्मरला विश्रांती. ती हिरावून घ्यायची नाही.

म्हणून आधी गरज मोजा. दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्या मोटारीला साधारण ६ युनिट लागतात. १० अँपिअरवर हे काम तीन तासांत होतं. गाडीच्या किंवा चार्जरच्या सेटिंगमध्ये करंट कमी करता येतो, तो करा. माझा सगळा आग्रह इथेच आहे.

हवं तर स्वतः पाहा. चार्जरच्या ॲपवर व्होल्टेज दिसतं. माझ्याकडे ३२ अँपिअरला ते २३१ वरून २१५ वर आलं, १० अँपिअरला २२६ वर थांबलं. १६ व्होल्ट गुणिले ३२ अँपिअर म्हणजे ५१२ वॅट वाटेतल्या तारांमध्ये नुसते तापण्यात जात होते! १० अँपिअरला तेच ५० वॅट. वेळ तिप्पट लागतो हे धरूनही नुकसान एक तृतीयांशावर येतं. (व्होल्टेज फारच पडत असेल, तर जोड सैल आहे का, वायर बारीक आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.)

संध्याकाळी घरी आल्या आल्या प्लग लावलात तरी टायमर उशिराचा ठेवा. मात्र बरोबर ११ चा नको. सगळ्यांनी ११ धरले तर त्या मिनिटाला लोड एकदम उसळतो. सुरू होण्याऐवजी सकाळी निघायची वेळ भरता येत असेल, तर ती भरा.

थ्री-फेज (वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारांची) जोडणी असेल तर चार्जर कोणत्या फेजवर आहे ते विचारा, शेजाऱ्यांचेही विचारा. सगळे एकाच फेजवर असतील तर तिचं व्होल्टेज खचतं आणि न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, करंट चढतो.

आणि मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या जोडणीला मान्य केलेले किलोवॅट, वाढवून घ्या. वीज कंपनी डीपी केवढी बसवायची ते त्यावरूनच ठरवते.