एका वाद्यात अनेक वेव्हफॉर्म: सिड चिपवर माझा पहिला स्नेअर

चिपट्यून, म्हणजे जुन्या संगणकांच्या ध्वनी-चिपवरचं संगीत, शिकायला घेतलं तेव्हा पहिले दोन महिने माझा स्नेअर (ड्रमसेटमधला खणखणीत ठोक्याचा ड्रम) काही केल्या स्नेअरसारखा वाजेना. नॉइज (सूर नसलेला खरखरीत आवाज) निवडायचो, आवाज झटकन उतरेल असा एन्व्हलप (आवाजाच्या चढ-उताराचा आराखडा) लावायचो, आणि ऐकू यायचं ते नुसतं ‘श्श’. मुरलेल्या लोकांच्या ट्यूनमधला ठोका मात्र छातीत बसायचा. चिप तीच, नॉइज तोच. शेवटी गोटट्रॅकर या सिडसाठीच्या ट्रॅकरसोबत (ट्रॅकर म्हणजे ओळीओळीने सूर लिहून संगीत रचायचा प्रोग्राम) मिळणारी नमुन्याची गाणी उघडली आणि त्यांतल्या वाद्यांची टेबलं एकेक ओळ करून वाचली. तिथे एका ठोक्याच्या आत वेव्हफॉर्म (ध्वनिलहरीचा आकार) तीन-चार वेळा बदलत होता. माझा तोपर्यंतचा समज असा की एक वाद्य म्हणजे एक वेव्हफॉर्म.

नव्याने येणाऱ्यांनी हा समज पहिल्याच दिवशी सोडावा, म्हणून हे लिहितोय.

उदाहरण सिडचंच घेतो, कारण ही युक्ती तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकामध्ये बॉब यानिस यांनी घडवलेली ही चिप होती. आवाज, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे सूर, फक्त तीन. पण प्रत्येक आवाजाला त्रिकोणी, करवती, पल्स आणि नॉइज हे चारही वेव्हफॉर्म खुले, आणि वाजता वाजता ते बदलताही येतात. युरोपातल्या मशीनवर संगीताचा प्रोग्राम सेकंदाला साधारण ५० वेळा चालायचा, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक फ्रेम. गोटट्रॅकरमधल्या वेव्हटेबलची एक ओळ म्हणजे अशी एक फ्रेम. (इतर सिंथेसायझरमध्ये ‘वेव्हटेबल’ म्हणजे लहरींचा साठा, इथे तो शब्द हुकुमांच्या यादीसाठी आहे. माझा यात बराच गोंधळ झाला होता.)

मला हे खरं उमगलं ते आपल्या अक्षरांवरून. ‘ता’ म्हणून बघा. ‘त्’ क्षणात संपतो, त्याला सूर नसतो. सूर असतो तो ‘आ’ला. पण तो क्षणभराचा ‘त्’ काढला तर ‘ता’, ‘का’, ‘पा’ सगळे सारखेच. कान अक्षर ओळखतो ते सुरुवातीवरून. चिपवरही तसंच आहे. नॉइजची एक फ्रेम हे व्यंजन, पुढचा पल्स किंवा त्रिकोणी हा स्वर. माझ्या स्नेअरमध्ये नुसता ‘श्’ होता, त्याला स्वरच नव्हता.

आता प्रत्यक्ष टेबल. प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात: डावीकडे वेव्हफॉर्म, उजवीकडे सूर. डावीकडच्या आकड्यातला पहिला अंक वेव्हफॉर्म ठरवतो: १ त्रिकोणी, २ करवती, ४ पल्स, ८ नॉइज. दुसरा अंक १ असेल तर गेट (सूर धरून ठेवणारी कळ) चालू, ० असेल तर बंद. आकडे सोळाच्या पद्धतीतले आहेत, म्हणून मध्ये अक्षरं येतात. माझा स्नेअर असा:

८१ डी१
४१ ए४
४१ ९८
८० सी८
एफएफ ००

पहिल्या फ्रेमला उंच नॉइज. मग दोन फ्रेम पल्स, आधी सी-३ आणि लगेच एक सप्तक खाली सी-२. कातड्यावर थाप पडल्याचा भास या घसरणीतून होतो. चौथ्या ओळीत पुन्हा नॉइज, पण गेट बंद, म्हणून तिथून आवाज विझत जातो. शेवटची ओळ टेबल थांबवते. एन्व्हलपमध्ये अटॅक (चढ) आणि डिके (उतार) शून्य, सस्टेन (टिकाव) पूर्ण, रिलीज (विझणं) ७, म्हणजे विझायला सुमारे २४० मिलिसेकंद. पल्सच्या दोन ओळी काढून एकदा ऐका, मग परत घाला. ४० मिलिसेकंदांत केवढं घडतं ते शब्दांत सांगण्यापेक्षा ऐकलेलं बरं.

इथे माझी एक आख्खी संध्याकाळ गेली होती. पल्सच्या ओळी लिहिल्या तरी त्या जागी शांतता. कारण साधं होतं: पल्सची रुंदी मी ठरवलीच नव्हती. ती ० ते ४०९५ मध्ये असते, २०४८ ला लहर बरोबर अर्धी-अर्धी होते आणि शून्यावर काहीच ऐकू येत नाही. वाद्याला पल्स टेबल जोडा, तिथे रुंदी द्या, मगच ४१ लिहा.

उजवीकडच्या आकड्यांकडे नीट लक्ष द्या. ८१ पासून डीएफपर्यंतचे आकडे पक्का सूर देतात. तुम्ही पॅटर्नमध्ये (गाण्याचे सूर लिहायच्या तक्त्यात) कुठलाही सूर लिहा, तो बदलत नाही. ०० ते ५एफ मात्र लिहिलेल्या सुरापासून वर मोजले जातात. ड्रमला पक्के सूर लागतात, चालीला सापेक्ष. आणि दोन्ही एकत्र केले की माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हाती येते: पहिली ओळ ८१ डी१, दुसरी ४१ ००, मग एफएफ ००. पहिली फ्रेम ठोका, पुढे तुम्ही लिहिलेला बेसचा सूर. ताल आणि बेस एकाच आवाजात बसले, म्हणजे तीनपैकी दोन आवाज चाल आणि साथीला मोकळे. तीनच आवाजांत भरलेलं वाटणारं संगीत बरंचसं अशा वाद्यांवर उभं असतं.

वेव्हफॉर्म एकाच फ्रेममध्ये मिसळताही येतात, उदाहरणार्थ ५१ म्हणजे त्रिकोणी आणि पल्स एकत्र. पण ही साधी बेरीज नसते, आणि ६५८१ व ८५८० या चिपच्या दोन पिढ्यांवर ती वेगवेगळी वाजते. ट्रॅकरमध्ये चिप बदलून दोन्हींवर ऐका. नॉइज मात्र कशातही मिसळू नका. त्याचा आतला रजिस्टर (आकडे साठवायची जागा) शून्यांनी भरून नॉइज गप्प होऊ शकतो.

लहानपणी टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमचा आवाज ज्यांच्या कानात आहे, ते बहुधा फॅमिट्रॅकर या त्या गेमच्या चिपसाठीच्या ट्रॅकरकडे वळतील. तिथे ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. त्या चिपवर त्रिकोणी आणि नॉइज स्वतंत्र चॅनेलवर बसवलेले आहेत, त्यामुळे पल्सच्या वाद्यात बदलता येते ती फक्त रुंदी: १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के. तरी ड्यूटीच्या (पल्सच्या रुंदीच्या) रांगेत पहिल्या फ्रेमला १२.५ आणि पुढे ५० देऊन बघा, सुराला टोक येतं. ठोक्यासाठी घसरता त्रिकोणी एका चॅनेलवर आणि नॉइज दुसऱ्यावर एकाच ओळीत लिहायचा. फर्नेस या ट्रॅकरमध्ये दोन्ही चिप मिळतात आणि वेव्हफॉर्मचा बदल मॅक्रोमध्ये (फ्रेमगणिक बदलांच्या यादीत) डोळ्यांना दिसतो, म्हणून अगदी नवख्यांना मी आधी तेच उघडायला सांगतो.

सराव करताना गाणं रचू नका. गती ६ ठेवा, म्हणजे पॅटर्नच्या एका ओळीला सहा फ्रेम, १२० मिलिसेकंद मिळतात. एकच सूर ओळीआड लिहून तो फिरत ठेवा आणि टेबलात फक्त पहिली ओळ बदलत जा: ८१, ४१, २१, ११. हेडफोन लावून. मी आजही नवं वाद्य बांधताना इथूनच सुरू करतो.