घरच्या घरी गांडुळे पाळताना या चुका टाळा

कुंड्यांना खत मिळावे आणि सुट्टीच्या दिवशी गळाला लावायला गांडुळेही हाताशी असावीत, या दुहेरी हेतूने पेटी मांडणाऱ्या नागपूरकरांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात: गांडुळे बारीकच राहतात, मे महिन्यात मरतात किंवा पहिल्या पावसात पेटी सोडून जातात.

बारीक राहण्याचे कारण सोपे असले तरी ते फार उशिरा लक्षात येते. खत लवकर तयार व्हायचे तर पेटीत गांडुळांची दाटी असावी लागते. पण दाटीत प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी येते आणि गांडूळ आकाराने लहान राहते. गळाला लावायचे गांडूळ जाड आणि लांब हवे, त्यासाठी मोकळी जागा आणि भरपूर कुजलेले शेण लागते. त्यामुळे एकाच पेटीवर दोन्ही कामांचा भार टाकू नये. मोठी पेटी खतासाठी राखावी आणि तिच्यातील थोडी गांडुळे वेगळ्या टबात पोसून तीच गळासाठी वापरावीत. दर रविवारी खताच्या पेटीतील सर्वांत मोठी गांडुळे वेचणे तर सरळ नुकसानीचे आहे, कारण ज्यांच्या अंगावर तोंडाच्या बाजूला फुगीर पट्टा दिसतो तीच वयात आलेली, अंडकोश घालणारी गांडुळे असतात. लिंबाच्या आकाराच्या त्या चिमुकल्या पिवळसर कोशातून पिल्ले बाहेर पडायला साधारण तीन आठवडे आणि ती वयात यायला पुढे दीड-दोन महिने लागतात. उचललेल्या गांडुळाची जागा भरून निघायला किती काळ जातो, याचा हिशेब यावरून करता येईल.

जात निवडतानाही घाई होते. पावसाळ्यात काळ्या मातीतून वर आलेली गांडुळे गोळा करून पेटीत सोडली जातात आणि काही दिवसांत दिसेनाशी होतात. ती जमिनीत बिळे करून माती खाणारी असल्याने भाजीच्या देठांवर जगत नाहीत. पेटीसाठी पृष्ठभागावरचा कुजका पाला खाणारी जात हवी. आयसेनिया फेटिडा ही खतासाठी सर्वत्र वापरली जाणारी लाल गांडुळे चिवट असतात, पण ती आकाराने लहान असून ३५ अंशांच्या पुढे तग धरत नाहीत. गळासाठी युड्रिलस युजेनी ही मोठी आफ्रिकी जात अधिक सोयीची; तिला ऊब मानवते, मात्र डिसेंबर-जानेवारीतील रात्रीची थंडी सोसत नाही, म्हणून त्या दिवसांत टब घरात घ्यावा.

आता उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि तसा विक्रम झाला नाही तरी नवतपाच्या दिवसांत गच्चीवरची प्लॅस्टिकची पेटी म्हणजे गांडुळांचा मृत्यूच आहे. जुन्या कूलरची पत्र्याची टाकी फुकट मिळते म्हणून अनेक जण तीच वापरतात; परंतु पत्रा तापतो हा झाला एक दोष, आणि कुजणाऱ्या पदार्थांतील आम्लामुळे पत्र्यावरचा जस्ताचा थर सुटून गांडुळांना बाधतो हा दुसरा. त्यापेक्षा मातीचा रुंद माठ किंवा बुडाला भोके पाडलेला जाड टब तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीलगत ठेवावा आणि वर ओले गोणपाट टाकावे. ज्या तत्त्वावर कूलर खोली गार करतो त्याच तत्त्वावर हे गोणपाट पेटी गार ठेवते: कोरडी हवा पाणी वेगाने शोषते आणि त्यात उष्णता खर्ची पडते. पाणी द्यायचे ते गोणपाटाला, थोडे थोडे आणि दिवसातून दोन-तीनदा. दुपारी एकदम बादली ओतल्याने पेटीत चिखल होतो.

खरी गफलत मात्र जुलैत होते. हवेत दमटपणा आला की कूलर काम करीत नाही हे इथे प्रत्येकाला ठाऊक असते, पण गोणपाटावर पाणी मारण्याची उन्हाळी सवय तशीच सुरू राहते. पाणी उडून जात नाही, ते तळाशी साचते, हवा कोंडते आणि पेटीला नासका वास येऊ लागतो. गांडूळ त्वचेवाटे श्वास घेते. त्वचा ओलसर नसली तर ते गुदमरते आणि पाण्यात हवा उरली नाही तरीही गुदमरते. मूठभर माल घट्ट पिळल्यावर बोटांतून एक-दोन थेंबच निघावेत. धार लागली तर सुका पाला, नारळाचा काथ्या किंवा फाडलेले वर्तमानपत्र मिसळावे आणि तळाची भोके मोकळी करावीत. पहिल्या पावसात गांडुळे पळतात त्याचेही हेच कारण बहुतेक वेळा असते. नव्या पेटीतून ती रात्री बाहेर पडत असतील, तर सुरुवातीच्या काही रात्री वर दिवा लावून ठेवावा, कारण गांडुळे उजेड टाळतात.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडची खास अडचण संत्र्याची आहे. हंगामात रसवाल्याकडून सालींची पिशवी आणून पेटीत रिकामी केली की गांडुळे कडेला गोळा होतात, कारण सालीतील तेलात लिमोनीन असते आणि ते त्यांना विषारी ठरते. साली वेगळ्या कुजवून, वास पूर्ण गेल्यावर आणि मऊ पडल्यावर, थोड्या प्रमाणात द्याव्यात. आंबटपणा कमी करण्यासाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड पुरते. चुना टाकू नये. उरलेला सावजी रस्सा किंवा तर्री यांतील मीठ, तेल आणि तिखट गांडुळांच्या ओल्या त्वचेला सोसत नाही, हे वेगळे सांगायला नको. ताजे शेणही देऊ नये, ते कुजताना चांगलेच तापते. पंधरा-वीस दिवस सावलीत पसरून मुरवलेले शेण द्यावे, आणि जनावराला नुकतेच जंताचे औषध दिलेले असेल तर ते शेण टाळलेलेच बरे.

गांडुळाच्या अंगावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसू लागल्या, तर डाळी, पीठ, शिळा भात असे जड अन्न जास्त झाले आहे. अन्न काढून घ्यावे, ओला काथ्या भरावा आणि काही दिवस काही देऊ नये. लाल मुंग्या आल्या तर पेटी कोरडी पडली असे समजावे. मुंग्यांची पावडर गांडुळांनाही मारते, म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे हाच उपाय.

गळ टाकायला निघताना गांडुळे पाण्यात बुडवून नेऊ नयेत आणि गाडीच्या डिक्कीत तर मुळीच ठेवू नयेत. झाकणाला भोके असलेल्या डब्यात ओलसर काथ्या भरून ती न्यावीत. वाम, शिंगी, मागूर यांसारखे तळाशी चरणारे मासे जिवंत, वळवळणाऱ्या गांडुळाला लवकर लागतात. उरलेली गांडुळे तलावाच्या काठी सोडू नयेत, कारण आफ्रिकी जात इथली नव्हे. ती घरी आणून टबात टाकण्यापूर्वी निवडून घ्यावीत: उन्हाने मलूल झालेले एखादे गांडूळ आत मेले तर ते कुजून बाकीच्यांचा टबही नासवते.