सायकलवर सिंहगड चढताय? या चुका टाळा

बहुतेक जण सिंहगडचा घाट खडकवासल्याच्या पाण्याकडेलाच हरतात, पायथ्याचं डोणजे गाव यायच्या आधी. पावसाळ्याच्या तोंडावर वारं पश्चिम-नैऋत्येकडनं येतं आणि पुण्याहून आपण नेमके त्याच दिशेला चाललेलो असतो, धरणाच्या कडेला आडोसा काही नाही, त्यात ग्रुपमधला एखादा जोशात असतो म्हणून आपणही ताशी 25 किमीचा स्पीड धरायला जातो आणि घाट सुरू व्हायच्या आत मांड्या भरून येतात. तिथे स्पीड बघूच नका. शेजारच्याशी एक अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर गिअर हलका करा, नाहीतर सरळ कोणाच्या तरी मागे लपा, लाज कसली त्यात! येताना हेच वारं पाठीवर असतं, तेव्हा काय पळवायची ती पळवा.

घाट साधारण 9 किमी, उंची मिळते 600 मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी साडेसहा-सात टक्के. पण मधले काही तुकडे चांगलेच उभे आहेत आणि डावीकडच्या वळणाच्या आतल्या अंगाला तर चढ भिंतीसारखा उभा असतो, मागून-पुढून गाडी नसेल तर ते वळण थोडं बाहेरून घ्या.

आता गिअर. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या सायकलला पुढे 39 दात्यांची चकती आणि मागे सगळ्यात मोठी 25 ची, आणि मला वाटलं पाय मजबूत आहेत, होईल. पेडलच्या मिनिटाला 60 फेऱ्या मारायच्या तर या गिअरवर जवळपास 12 चा स्पीड ठेवावा लागतो, सात टक्के चढावर तो आपल्यासारख्यांना झेपत नाही, मग फेऱ्या 35-40 वर येतात, गुडघे कुरकुरतात, आणि चौथ्या की पाचव्या वळणावर मी उतरलो. टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "बस रे जरा, गड काय पळून जातोय?" पुढे 34 मागे 34 असेल तर त्याच 60 फेऱ्यांत साडेसातचा स्पीड पडतो आणि ताकद जवळपास दोन तृतीयांश लागते. कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदला, गुडघ्याच्या डॉक्टरपेक्षा स्वस्त पडते.

हळू चाललोय म्हणजे वाऱ्याचा फरक पडत नाही, असं वाटतं ना? 70 किलोचा माणूस, 12 किलोची सायकल, सात टक्के चढ आणि समोरून 25 चं वारं असेल तर आपला स्पीड धरून अंगावर 33 चं वारं येतं, आणि चढ जेवढा मागे ओढतो त्याच्या साधारण एक तृतीयांश ओढ वारं एकटंच लावतं. म्हणून वारं समोरून येतं अशा वळणांवर खाली वाका, कोपरं आत, गिअर एक अजून हलका, स्पीड 6 वर आला तरी चालेल. वळण फिरलं की वारं पाठीशी येतं आणि इथे लोक दुसरी चूक करतात, उभं राहून जोर लावतात. नको! पाठीवरचं वारं आणि आपला स्पीड सारखाच झाला की अंगाला हवा लागतच नाही, घाम वाळत नाही, डोकं तापतं. हा तुकडा पाणी प्यायचा, दम गोळा करायचा. डोंगराची धार संपून दरी उघडते तिथे झोत आडवा येतो, हँडल आवळून धरलं तर सायकल जास्त फेकली जाते, हात सैल ठेवा आणि दरीच्या कठड्यापासून लांब राहा.

चेन उतरतेय? चढावर पूर्ण जोरात असताना पुढची चकती बदलताय म्हणून. वळण दिसलं की आधीच बदला, बदलताना पाय अर्धा सेकंद सैल सोडा. शेवाळावर मागचं चाक घसरतंय? उभं राहू नका, सीटवर मागे सरकून बसा. पुढचं चाक उचलतंय? मग उलट, सीटच्या टोकाशी या आणि छाती खाली न्या. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर आधी सीट किती खाली आहे ते तपासा. आणि पावसाळ्यात दरड पडली की घाट बंद करतात, निघायच्या आधी चौकशी करा नाहीतर डोणज्यातून परत.

वर पोचल्यावर घामेजल्या अंगाने वाऱ्यात उभं राहून फोटो काढणं, मग पिठलं-भाकरी, भजी, मटक्यातलं दही, आणि पाऊण तासाने कुडकुडत उतरायला लागणं, हे मी स्वतः केलंय. बोटं एवढी बधिर झाली होती की ब्रेक किती दाबलाय तेच कळेना. घडी होणारं विंडचीटर खिशात ठेवा, पोचल्या पोचल्या घाला, खाणं नंतर. विसरलात तर टपरीवरून रद्दी पेपर मागा आणि जर्सीच्या आत छातीवर सरकवा, जुने सायकलपटू हेच करायचे. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका, रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबायचे आणि मग पूर्ण सोडायचे. जळका वास आला तर बाजूला थांबा आणि पाच मिनिटं रिमला हात लावू नका, मी लावला होता.